तीच फाइल, तीच शाई, मग रंग का बदलतो?

बचत गटाच्या मसाल्याचं खोकं घ्या. फेब्रुवारीत पाच हजार खोकी छापून घेतली, लाल रंग झकास उतरला. ऑगस्टमध्ये माल संपत आला म्हणून पुन्हा तीच ऑर्डर दिली. फाइल तीच, प्रेस तीच, पुठ्ठाही त्याच कंपनीचा. पण नवी खोकी दुकानाच्या फळीवर जुन्यांशेजारी लागली तेव्हा फरक डोळ्यांत भरला. लाल किंचित मळकट दिसतोय आणि अक्षरांच्या कडेला बारीकशी पिवळी किनार डोकावतेय. गिऱ्हाईक विचारतं, "हा माल अस्सल आहे ना?" गटातल्या ताई प्रेसवाल्याला फोन लावतात. तो म्हणतो, "ताई, पावसाळा आहे ना."

ऐकणाऱ्याला वाटतं, हा हात झटकतोय. कधी कधी तो झटकतही असतो. पण त्याच्या उत्तरात तथ्य आहे, आणि ते समजून घेतलं तर प्रेसवाल्याशी भांडण्याऐवजी त्याला योग्य प्रश्न विचारता येतात. लग्नपत्रिका, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, औषधाचं लेबल, दुकानाचं कॅलेंडर या सगळ्यांना हे लागू पडतं. दिवाळी अंकांना तर फारच, कारण ते छापले जातात नेमके पावसाळा सरून ऑक्टोबरची हीट सुरू होण्याच्या काळात. आतली पानं ओल्या हवेत आणि मुखपृष्ठ कोरड्या हवेत छापलं गेलं, असंही होऊ शकतं.

छापलेला रंग म्हणजे नेमकं काय

एखाद्या अंकाचं चकचकीत मुखपृष्ठ घ्या आणि चांगल्या भिंगातून पाहा. चेहऱ्यावरचा गव्हाळ रंग नाहीसा होतो आणि तिथे ठिपक्यांची नक्षी दिसते. निळसर सायन, गुलाबीसर मजेंटा, पिवळा आणि काळा, एवढ्या चारच शाया. गालावर पिवळे आणि मजेंटाचे ठिपके मोठे, सायनचे बारीक. केसांकडे सरकलात की काळे ठिपके फुगत जातात. त्वचेच्या रंगाची शाई प्रेसमध्ये नसतेच. ती छटा आपला डोळा या ठिपक्यांतून जुळवतो.

शाईचा हा थर असतो साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात दहावा हिस्सा कमीजास्त झाला तरी रंग हलतो.

आपल्याकडची बहुतेक रंगीत छपाई ऑफसेट पद्धतीची असते. तिचं मूळ तेल आणि पाण्याच्या वैरात आहे. बव्हेरियातल्या आलोइस सेनेफेल्डर यांनी १७९६ मध्ये दगडावरची छपाई शोधून काढली तेव्हा त्यांनी हेच वापरलं होतं: दगडाच्या काही भागाला तेलकट शाई धरते, उरलेल्या भागाला पाणी धरतं आणि तिथे शाई बसत नाही. आज दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची पातळ प्लेट आली. प्लेटवरचं चित्र आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरतं आणि तिथून कागदावर. तत्त्व मात्र जुनंच आहे, आणि म्हणून प्रत्येक ऑफसेट मशीनच्या पोटात शाईबरोबर पाणीही खेळत असतं.

तेव्हा छापलेला रंग पाच गोष्टींवर ठरतो: ठिपक्याचा आकार, शाईच्या थराची जाडी, ठिपका नेमका कुठे पडला, खालचा कागद किती पांढरा आहे आणि आपण तो कोणत्या उजेडात बघतोय. हवेतला ओलावा आणि उष्मा यांतल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला हात लावतात.

कागद फुगतो, कागद आकसतो

पावसाळ्यात घराचं लाकडी दार चौकटीत अडकायला लागतं, उन्हाळ्यात पुन्हा सुटं होतं. कागद हा लाकडाच्याच तंतूंचा बनलेला आहे आणि त्याचंही अगदी तसंच होतं. हवेत ओल वाढली की तंतू पाणी शोषतात, हवा सुकली की सोडून देतात. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते त्यातला किती टक्के वाटा भरलेला आहे, हा यातला कळीचा आकडा. ही आर्द्रता ५० टक्के असेल तर कागदाच्या वजनात साधारण पाच-सहा टक्के पाणी असतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती २०-३० टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलैच्या सकाळी ८० च्या वर जाते. मुंबई-कोकणात पावसाळाभर तिचा मुक्काम वरच असतो.

तंतू फुगतो तो लांबीत जेमतेम, जाडीत मात्र बराच. कागद बनवताना बहुतेक तंतू मशीन चालतं त्या दिशेने लागतात. या दिशेला ग्रेन म्हणतात. त्यामुळे कागद ग्रेनच्या दिशेने फारसा वाढत नाही, ग्रेनला काटकोनात मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त वाढतो.

वाढतो म्हणजे किती? ७०० मिलिमीटर रुंदीचा ताव घेऊ. तो फक्त ०.१ टक्का वाढला तर ०.७ मिलिमीटर झाले. ऐकायला हे काहीच नाही. पण चांगल्या रंगीत छपाईत ठिपके एका इंचात १७५ या दाटीने बसवलेले असतात, म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर सुमारे ०.१४५ मिलिमीटर. तावाच्या एका टोकाला सायन बरोबर जुळवला तर दुसऱ्या टोकाला मजेंटा जवळजवळ पाच ठिपके सरकलेला असेल. यालाच मशीनमन म्हणतात, "रजिस्ट्रेशन गेलं." लाल अक्षराच्या कडेला दिसणारी पिवळी किनार ती हीच: पिवळा आणि मजेंटा मिळून लाल होतो, आणि दोघांपैकी एक जागेवरून हलला.

चार रंगांच्या मशीनवर ताव एका दमात चारही शायांखालून जातो, त्यामुळे हा धोका कमी असतो. पूर्ण जात नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर कागदाला थोडं पाणी लागतंच. पण एकरंगी किंवा दोनरंगी मशीनवर आज दोन रंग आणि उद्या दोन रंग असं काम होतं, आणि मधल्या रात्री गठ्ठा उघडा पडलेला असतो. रात्रभर पाऊस लागला तर सकाळचा कागद हा कालचा कागद राहिलेला नसतो.

गठ्ठ्याकडे नुसतं निरखून पाहिलं तरी हवेची खूण कळते. रीमचं वेष्टन काढून कागद दमट हवेत ठेवला की कडांना आधी ओल लागते, मध्य कोरडाच राहतो. कडा वाढतात, मध्य वाढत नाही, आणि कडांना लाटा येतात. उलट, दमट गोडाऊनमधला कागद कोरड्या एसी खोलीत आणून उघडला की कडा आधी सुकून ताठ होतात आणि ताव मध्यभागी वाटीसारखा फुगतो. दोन्ही प्रकारचा ताव ब्लँकेटखाली सपाट बसत नाही. मग कुठे चुणी पडते, कुठे ठिपका लांबतो, आणि चित्राचा तेवढाच भाग गडद दिसतो. मशीनमनची यात काही चूक नसते.

हवा थंड करण्याचं यंत्र आलं ते छपाईसाठी

१९०२ चा उन्हाळा, न्यूयॉर्कचं ब्रुकलिन. तिथल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत काम चाले. एकेक रंग वेगळा छापायचा आणि दोन रंगांच्या मध्ये दमट हवेने कागद ताणला जायचा. रंग जुळेनात, माल वाया जाऊ लागला. त्यांनी बफेलो फोर्ज या कंपनीकडे मदत मागितली आणि काम आलं २५ वर्षांच्या विलिस कॅरियर या अभियंत्याकडे.

कॅरियर यांनी ओळखलं की अडचण उकाड्याची नाही, ओलाव्याची आहे. हवा थंडगार नळ्यांवरून नेली तर तिच्यातली वाफ नळ्यांवर पाणी होऊन गळते, आणि नळ्यांचं तापमान सांभाळलं तर हवेत किती ओल उरावी हेही ठरवता येतं. १७ जुलै १९०२ ही त्यांच्या आराखड्यावरची तारीख. वर्षभर आर्द्रता ५५ टक्क्यांवर राखायची, हे उद्दिष्ट. जानेवारी १९०६ मध्ये त्यांना हवा प्रक्रियेच्या यंत्राचं पेटंट मिळालं. आज घरोघरी, मॉलमध्ये, रेल्वेच्या डब्यात असलेल्या एसीची वंशावळ इथून सुरू होते. माणसाच्या सुखासाठी तो पुष्कळ नंतर वापरला गेला, आधी कागदासाठी.

आपल्याकडेही त्याच सुमाराला दगडावरची रंगीत छपाई जोरात होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीच्या एकेका चित्रासाठी अनेक दगड, प्रत्येक दगडाचा एक रंग, आणि प्रत्येक रंगाला ताव पुन्हा दगडावर. मळवलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांनी ती जुनी चित्रं पुन्हा एकदा जवळून बघावीत. डोळ्यांच्या कडा आणि दागिन्यांच्या रेषा जिथे नीट जुळल्या आहेत तिथे कारागिरांनी काय मेहनत घेतली असेल याचा अंदाज येतो.

तमिळनाडूतल्या शिवकाशीत फटाके आणि काडेपेट्यांबरोबर छपाईचा धंदा वाढला, त्यातही तिथल्या कोरड्या हवेचा हात आहे. देशभरातल्या भिंतींवरची कितीतरी कॅलेंडरं तिथून येतात.

उष्म्याने शाई सैल होते, टँकरने पाणी बदलतं

ऑफसेटची शाई मधासारखी घट्ट आणि चिकट असते. मशीन तासभर पळालं की रोलर घासून तापतात आणि शाई सैल होते. सैल शाईचा ठिपका कागदावर दाबला गेला की पसरतो. याला डॉट गेन म्हणतात. तो थोडाफार सगळीकडे असतोच, फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका छापून ६५-७० टक्क्यांचा दिसणं नेहमीचं आहे. फाइल बनवतानाच ही वाढ जमेस धरलेली असते. पंचाईत होते ती वाढ दिवसभरात बदलत गेली की. सकाळी नऊचा पहिला ताव आणि दुपारी तीनचा दहा हजारावा ताव शेजारी ठेवले तर दुसरा जड, भरलेला दिसतो. मोठ्या मशीनमध्ये रोलरांच्या आतून गार पाणी फिरवतात ते यासाठी.

चारही शाया सारख्याच पसरल्या तर चित्र नुसतं गडद होईल. पण त्या सारख्या पसरत नाहीत. समजा मजेंटा जास्त फुगला, तर सगळ्या चित्रावर गुलाबी झाक येते. ती सगळ्यात आधी दिसते राखाडी रंगात. ५० टक्के सायन, ४० टक्के मजेंटा आणि ४० टक्के पिवळा हे एकत्र छापले की डोळ्याला तटस्थ राखाडी दिसतो. यातला एक जरी रंग थोडासा हलला की राखाडी लगेच गुलाबी, हिरवट किंवा निळसर होतो. म्हणून तावाच्या कडेला, जिथून पुढे कटिंग होणार असतं तिथे, रंगांच्या चौकोनांची एक पट्टी छापतात आणि तिच्यात हा राखाडी चौकोन असतो. जाणता मशीनमन चित्रातल्या साडीकडे बघण्याआधी त्या चौकोनाकडे बघतो. वर्तमानपत्राच्या पानाच्या तळाशी चार रंगी ठिपके दिसतात ना, तेही याच कुळातले. ते चारही एका ओळीत, सारख्या अंतरावर असतील तर त्या पानाचं रजिस्ट्रेशन जमलंय असं समजावं.

आता पाणी. प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात थोडं आम्ल, थोडं अल्कोहोल आणि इतर द्रव्यं घालतात, त्याला फाउंटन सोल्युशन म्हणतात. त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण पाचच्या आसपास राखायचा असतो. अल्कोहोल उडून जाणारं, उन्हाळ्यात आणखी पटकन उडतं. आणि मूळ पाणीच बदललं तर? आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये नळाला पाणी नाही म्हणून प्रेसमध्ये टँकर किंवा बोअरचं पाणी येतं. ते जड असतं, त्यात कॅल्शियमचे क्षार जास्त. क्षार रोलरवर बसतात, शाई नीट पुढे सरकत नाही, रंग फिका पडतो. मग मशीनमन शाई वाढवतो, शाई वाढली की पाणी वाढवावं लागतं, आणि पाणी वाढलं की कागद आणखी भिजतो. ही साखळी एका टँकरने सुरू होते. रंगाबद्दल बोलताना पाण्याच्या टाकीकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, याचं मला वाईट वाटतं, कारण सगळ्यात स्वस्तात सुटणारी अडचण हीच आहे.

काल ओके केलेला रंग आज फिका का

ओली शाई चमकते, त्यामुळे गडद आणि ताजी दिसते. सुकताना थोडी कागदात मुरते, पृष्ठभाग खरबरीत होतो, चमक उतरते आणि तोच रंग मवाळ दिसायला लागतो. मॅपलिथोसारख्या चकाकी नसलेल्या कागदावर हा फरक जास्त. प्रेसमध्ये उभं राहून ओल्या तावावर "ओके" अशी सही करणारा माणूस दुसऱ्या दिवशी फसवल्यासारखा होतो तो यामुळे.

त्यात पावसाळा आला की सुकायलाच वेळ लागतो. ऑफसेटची शाई सुकते ती जवसासारख्या तेलांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन. दमट कागद आणि फाजील आम्ल असलेलं पाणी हा संयोग मंदावतात. वरच्या तावाच्या पाठीला खालच्या तावाची शाई लागते, याला सेट-ऑफ म्हणतात. डाग पडू नयेत म्हणून तावांमध्ये बारीक पावडर फवारतात. ती जास्त झाली तर पुढे लॅमिनेशन नीट चिकटत नाही. अतिनील दिव्याखाली क्षणात सुकणाऱ्या यूव्ही शाया असतात, त्यांना हा प्रश्न येत नाही. त्या महाग पडतात.

बघणाऱ्याचा उजेड

साडीला ब्लाउजपीस जुळवताना बायका दुकानाच्या दारात येऊन, उन्हात धरून बघतात. ही अगदी शास्त्रशुद्ध सवय आहे. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले रंग एका दिव्याखाली हुबेहूब एक दिसू शकतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडतात. प्रेसने दिलेलं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बहुतेकदा इंकजेट प्रिंटरवर काढलेलं असतं, प्रत्यक्ष काम ऑफसेटच्या शाईत होतं. दोन्हींची द्रव्यं वेगळी. म्हणून ऑफिसच्या ट्यूबखाली जुळलेलं प्रूफ घरच्या पिवळ्या दिव्याखाली जुळत नाही.

यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३६६४. रंग तपासायचा तो सुमारे ५००० केल्विनच्या ठरावीक प्रकाशात (केल्विन हे उजेड पिवळसर की निळसर याचं माप). बारकाईच्या तुलनेला उजेडाची तीव्रता २००० लक्सच्या आसपास हवी. आपल्याकडे बाजारात सर्रास मिळणारे "कूल डेलाइट" एलईडी ६५०० केल्विनचे असतात, त्यांच्याखाली सगळंच निळसर दिसतं.

कागदही इथे एक खेळी करतो. जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात उजळपणा देणारी द्रव्यं घालतात. ती उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळसर प्रकाश परत टाकतात. साध्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात. त्यामुळे उन्हात शुभ्र दिसणारा कागद खोलीत किंचित पिवळट दिसतो, आणि त्याच्यावरच्या चारही शाया त्याच्याबरोबर पिवळटाकडे झुकतात.

"आमचे जुने मशीनमन नुसत्या नजरेने रंग आणायचे"

आणायचे, आणि त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. पण ते नजरेच्या जोडीला आणखी बरंच काही करत. रीम हातात घेऊन फडफडवत, आवाजावरून कागद दमट आहे का ओळखत. चांगल्या कामाचा कागद आधी चिमट्यांना टांगून खोलीच्या हवेशी जुळवून घेत. घाईच्या दिवसांत हे टांगणं मागे पडलं.

आणि नजरेलाही मर्यादा आहेत. डोळा समोरच्या उजेडाला आणि रंगाला सरावतो. अर्धा तास लालसर ताव बघत राहिलं की लाली कमी वाटू लागते. सहा महिन्यांपूर्वीचा नेमका लाल तर कुणालाच आठवत नाही. इथे यंत्र लागतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर रंगाला तीन आकड्यांत मांडतो: किती उजळ, लाल-हिरव्यात कुठे, पिवळ्या-निळ्यात कुठे. दोन रंगांच्या या आकड्यांमधलं अंतर म्हणजे डेल्टा ई. साधारण १ इतकं अंतर सरावलेल्या डोळ्याला जेमतेम कळतं. ऑफसेट छपाईच्या आयएसओ १२६४७-२ या मानकात चार मूळ शायांच्या भरीव चौकोनांना ५ पर्यंतची सूट आहे.

"एसी बसवला की झालं ना?"

इथे माझं ठाम मत आहे: आकडा किती यापेक्षा तो हलतो किती, हे महत्त्वाचं. छापखान्यासाठी २०-२४ अंश आणि ५०-५५ टक्के आर्द्रता आदर्श मानतात. पण दिवसा एसी लावून ५० टक्के आणि रात्री बंद करून ८०, अशा खोलीपेक्षा चोवीस तास ६० टक्क्यांवर राहणारी खोली कागदाला बरी. कागद चाचण्यांच्या आयएसओ १८७ या मानकातही २३ अंश आणि ५० टक्के ही नेहमीची अट असली, तरी उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश आणि ६५ टक्के चालतात. अट एकच, जे धरलं ते सोडायचं नाही.

साधा स्प्लिट एसी तापमानाकडे बघून चालतो-थांबतो, ओलाव्याकडे बघून नाही. पावसाळ्यात खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि ओल तशीच राहते. त्यासाठी हवेतली ओल काढणारा वेगळा डीह्युमिडिफायर लागतो.

"डिजिटलला तरी ही भानगड नाही ना?"

आहे, थोडी वेगळी. डिजिटल मशीनमध्ये टोनरची पूड विजेच्या भारामुळे कागदावर चिकटते. दमट हवेत तो भार टिकत नाही आणि रंगाची दाटी बदलते. अतिकोरड्या हवेत तावात स्थिर वीज साठते, दोन ताव एकमेकांना चिकटून आत अडकतात. मशीन स्वतःचं कॅलिब्रेशन, म्हणजे रंगाची फेरजुळणी, करू शकतं, पण ते रोज सकाळी आणि हवा पालटल्यावर करायला हवं. आठवड्यातून एकदा केलं तर सोमवारचा आणि शुक्रवारचा रंग जुळण्याची खात्री देता येत नाही.

छोट्या प्रेसला परवडेल असं

काही शे रुपयांत आर्द्रतामापक मिळतो. तो बरोबर आहे का हे घरच्या मिठानेच तपासता येतं. मिठात थोडं पाणी घालून ओलसर गोळा करायचा, तो आणि मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचे. मापक मिठात बुडवायचा नाही, नुसता शेजारी. सकाळी काटा ७५ च्या जवळ असला पाहिजे. जेवढा चुकला असेल तेवढा फरक लक्षात ठेवायचा.

कागद कामाच्या आधी दोन-तीन दिवस प्रेसच्या खोलीत आणून ठेवावा, आणि वेष्टन मशीनवर चढवण्याच्या वेळीच काढावं. निम्मा वापरून झालेला गठ्ठा पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळावा. रंगांच्या दोन फेऱ्यांमध्ये थांबायची वेळ आली तर छापलेला गठ्ठाही झाकावा. फाउंटनला आरओचं पाणी वापरावं, त्यात ठरलेल्या मापाने द्रव्य घालावं आणि पीएचबरोबर पाण्याची कंडक्टिव्हिटी (क्षारांमुळे पाणी वीज किती वाहून नेतं त्याचं माप) रोज वहीत लिहावी. आकडा उडी मारेल त्या दिवशी पाणी कुठून आलं हे विचारता येतं. एकरंगी-दोनरंगी मशीनवर कागदाचा ग्रेन सिलिंडरच्या अक्षाला समांतर ठेवला तर वाढ मुख्यतः सिलिंडरच्या फेऱ्याच्या दिशेने येते, आणि त्या दिशेने छापाची लांबी थोडीफार जुळवून घेण्याची सोय असते.

डिझाइन करतानाच टाळता येणाऱ्या गोष्टी

कंपनीचा लाल चार शायांच्या ठिपक्यांतून बनवण्याऐवजी आधीच घोटून तयार केलेल्या एका शाईत छापता येतो. याला स्पॉट कलर म्हणतात. एकच शाई, त्यामुळे रजिस्ट्रेशन हलण्याचा आणि रंगांचा तोल जाण्याचा प्रश्नच उरत नाही, फक्त थराची जाडी सांभाळायची. एक प्लेट वाढते, खर्च वाढतो, पण खोक्यावरचा लाल हीच ज्या मालाची ओळख आहे त्याने हा खर्च करावा असं मी नक्की सांगेन. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवावीत. चार रंगांच्या गडद पार्श्वभूमीत बारीक पांढरी अक्षरं कोरू नयेत, कागद केसभर हलला तरी ती बुजतात. औषधांच्या लेबलवरची मात्रा किंवा मुदत अशी कोरलेली पाहिली की काळजी वाटते.

छापून झाल्यावर ऊन

गल्लीतल्या सलूनच्या काचेवर केशरचनांची जुनी पोस्टरं बघा. सगळे चेहरे निळे पडलेले असतात. पिवळ्या आणि मजेंटा शायांची नेहमीची रंगद्रव्यं उन्हात लवकर विरतात. सायनमधलं फ्थॅलोसायनिन आणि काळ्यातला काजळीचा कार्बन वर्षानुवर्षं टिकतात. शाईचा उन्हातला टिकाऊपणा ब्लू वूल या मापात १ ते ८ असा मोजतात, ८ म्हणजे सर्वात टिकाऊ. बाहेर लागणारं काम असेल तर शाई घेतानाच हा आकडा विचारायचा. यूव्ही रोखणारं लॅमिनेशन विरणं लांबवतं, थांबवत नाही.

ऑर्डर देताना काय विचारायचं

"हुबेहूब हवं" असं लिहिल्याने काही साधत नाही. डेल्टा ई किती चालेल, तो आकडा ऑर्डरवर लिहून घ्या. महत्त्वाच्या एका-दोन रंगांसाठी २ किंवा ३, बाकीच्यांसाठी ५ असं ठरवलं तर बहुतेक चांगल्या प्रेसना ते जमतं, आणि ज्यांच्याकडे मोजायचं यंत्र नाही त्यांचंही कळतं. वर्षभराचा माल शक्य असेल तर एकाच वेळी, एकाच लॉटच्या कागदावर छापून घ्या. ठेवायला कोरडी जागा मात्र हवी. ते जमत नसेल तर दुसऱ्या खेपेला प्रेसला फाइलसोबत मागच्या खेपेचा छापील नमुना द्या.

हा नमुना कसा ठेवायचा त्यालाही पद्धत आहे. प्रेसमध्ये सही कराल तेव्हा तीन-चार ताव मागून घ्या, पूर्ण सुकल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरावीक उजेडात बघा आणि मगच त्यांच्यावर तारीख, कागदाचं नाव, जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आणि त्या दिवशीची खोलीतली आर्द्रता लिहा. एक ताव प्रेसकडे, बाकीचे तुमच्याकडे, काळ्या कागदाच्या पाकिटात, कपाटात, सपाट. भिंतीवर लावलेला नमुना पुढच्या वर्षी उपयोगाचा राहत नाही, कारण तोवर त्याचा पिवळा उतरलेला असतो. दर मोठ्या खेपेला नवा नमुना काढा आणि जुन्याशी डेल्टा ई मोजून तो आकडा नव्याच्या कोपऱ्यात टिपून ठेवा.